अल्बम बांधणाऱ्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की सांगली-मिरजेतल्या कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि आम्हा फोटोग्राफर मंडळींना मान वर करायला फुरसत राहत नाही. म्हणून मुहूर्त सुरू व्हायच्या आधीच हे पत्र. अल्बम हातात आला की पाहुणे फोटो कुणी काढले ते विचारतात, बांधला कुणी ते विचारत नाहीत. फाईल कशी पाठवावी हे आम्ही शिकलो ते मात्र तुमच्या टेबलाशी उभं राहूनच.

सगळ्यात आधी घडी. 12 बाय 36 इंची शीट मधोमध दुमडते, मग पाठीला पाठ लावून चिकटते आणि शेवटी तिन्ही कडा कापल्या जातात. म्हणून घडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच आणि कडेपासून एक इंच आत चेहरा नको, अक्षरं नकोत. स्क्रीनवर घडी दिसतच नाही. त्यामुळे सहा जणांच्या ग्रुप फोटोत मधल्या मावशींचं नाक नेमकं घडीत जातं. काळी किंवा गडद पार्श्वभूमी घडीवरून नेली, की क्रीझ करताना, म्हणजे घडीची रेघ दाबताना, वरचा थर तडकतो आणि आतला पांढरा कागद रेघेसारखा उठून दिसतो. कागदाच्या धाग्याला आडवी घडी आली तर जास्तच. ही रेघ प्रिंट काढणाऱ्या लॅबच्या माथी मारायची सवय तुम्ही आमची मोडलीत.

पण घडी वापरायची कशी हेही तुम्हीच दाखवलंत. अंतरपाट धरलेला फोटो घ्यावा, डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी, आणि अंतरपाट बरोबर घडीवर. पान उघडताना दोघं एकमेकांसमोर येतात. असं पान अल्बममध्ये दुसरं नाही. हार घालतानाच्या फोटोत मात्र हात मध्यावरून जातात, तो दोन इंच सरकवायचा.

असं मोठं पान डिझाईन करताना ठरवून भागत नाही. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरले तर, ते 10800 बाय 3600 पिक्सेलचं होतं. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 चा. तो पानभर पसरवला तर निम्मी उंची कापली जाते आणि इंचाला जेमतेम 166 पिक्सेल उरतात. लांबून बघायला चालतात, पण मुंडावळ्या किंवा पाय कापले गेले तर उपाय नाही. त्यामुळे आता मंगलाष्टका चालू असतानाच वर-खाली मोकळी जागा सोडून एक-दोन फ्रेम घेतो.

हळदीच्या रंगाबद्दल तर तुमचे विशेष आभार. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गावच्या अल्बममध्ये हळद केशरी दिसावी हे तुम्हाला खपत नाही, आणि आता आम्हालाही नाही. पिवळ्या मांडवात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे आपोआप रंग जुळवणारं सेटिंग, पिवळा खाऊन टाकतो आणि कातडी निळसर पडते. मग डिझायनर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाढवतो, गालावरच्या बोटांच्या खुणा पुसल्या जातात आणि उरतो नुसता पिवळा डाग. केल्विन, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचा आकडा, हाताने ठरवायचा, एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं, फाईल एसआरजीबी या रंगांच्या ठरलेल्या पद्धतीत द्यायची. प्रिंट काळी आली ही तक्रार तर बहुतेक वेळा आमच्याच फार उजळ मॉनिटरची असते. त्याचा उजेड 100 ते 120 कँडेलावर (दर चौरस मीटरला) आणून आधी एक 4 बाय 6 ची प्रिंट काढून बघितली की वाद मिटतो.

नावंही तुम्हीच पकडता. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपीचं सेटिंग चालू नसलं, की ‘चि.’चा इकार भलतीकडे जातो आणि ‘ज्योत्स्ना’ फुटून पाय मोडलेली अक्षरं उभी राहतात. पहिल्याच पानावर, सोनेरी अक्षरात!

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर भिजलेले अल्बम घेऊन जी घरं तुमच्याकडे आली, त्यांच्या वतीनेही नमस्कार. फोटो कागदाचा वरचा थर पाण्याने मऊ होतो आणि पानं तशीच वाळली की एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून उन्हात ठेवू नका, ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात गाळ धुवा, पानं हळूच सोडवा, चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगितलंत. ज्यांची पानं सुटली नाहीत त्यांना मूळ फाईलचाच आधार होता, आणि दुकानातली एकुलती हार्डडिस्कही पाण्यात गेली असेल तर तोही नाही. आता तीन प्रती ठेवतो, त्यातली एक गावाबाहेर, आणि फाईल किती वर्षं सांभाळू ते ऑर्डरच्या कागदावरच लिहून देतो.

या सीझनला प्रत्येक फाईलवर घडीची रेघ आखून पाठवू. चुकलं तर पूर्वीसारखीच परत पाठवा.

आपले,
सांगली-मिरज भागातले लग्नाचे फोटोग्राफर