तरणी पोरं पुण्याला, म्हातारी गावं आपल्याला

मा. कौशल्य विकास मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

स. न. वि. वि.

दर हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात उत्तर कर्नाटकाच्या मागासलेपणावर भाषणं होतात. त्यात लोकसंख्येचा विषय निघालाच तर 'फार वाढली' एवढ्यावर संपतो.

मला उलटी काळजी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत; लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. पाळणा कधीच लांबला. जन्म घटले की काही दशकं कमावते हात जास्त आणि खाणारी तोंडं कमी असा काळ येतो. बचत वाढते, बायकांना घराबाहेर कामाला सवड मिळते. दक्षिण कोरिया, तैवान अशाच काळात वर आले, पण त्यांनी हातांना काम दिलं होतं. केंद्राच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीनुसार देशाचा हा काळ २०४१ च्या सुमारास शिखरावर असेल. दक्षिणेत उतार त्याआधीच लागणार.

आमच्या खानापूर तालुक्यात तो आताच दिसतो. पोरगं इथल्या अंगणवाडीत, सरकारी शाळेत वाढतं आणि कमावतं झालं की पुण्याचं नाहीतर गोव्याचं होतं. मागे राहिलेल्या आईबापांची पेन्शन आणि दवाखाना मात्र तुमच्याच तिजोरीतून. पोरगं पैसे पाठवतं, नाही असं नाही. त्यातून घरावर स्लॅब पडतो, गावात रोजगार उभा राहत नाही.

आणि गंमत बघा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांत भट्टीपाशी बिहार-ओडिशाची पोरं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण काम इथेही आहे, हे त्यावरून कळतं. आमचा आयटीआयवाला तिथे टिकत नाही, कारण पगार पुण्यापेक्षा कमी आणि जंगलपट्टीतल्या गावातून पहिल्या पाळीला बसनं पोहोचणं मुश्कील. निपाणीत आयांनी बिड्या वळून मुलींना शिकवलं; त्या मुलींना जवळपास काम नसेल तर त्या शिक्षणाचं करायचं काय? 'युवा निधी' या तुमच्या बेकारभत्त्याचे महिना ३,००० रुपये पदवीधराला दोन वर्षं पुरतील. पुढे?

(सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू दे. बसला कुठल्या भाषेची पाटी आहे, यावर हे पत्र नाही.)

येत्या अधिवेशनात एक दिवस याला द्या. कुठल्या तालुक्यातून किती तरुण बाहेर गेले, याचा हिशेब सभागृहात मांडा. फौंड्रीमालकांना बोलावून स्थानिक शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनात सरकारचा वाटा किती, ते ठरवा. पहाटेच्या बससाठी परिवहन मंत्र्यांना तुम्हीच गाठा, आमचं कोणी ऐकत नाही.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक मतदार