चाबी कोणत्या कलमाखाली नेली?

मा. संपादक,

आणीबाणीच्या पन्नाशीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. मिसा (खटल्याविना तुरुंगात टाकणारा तो कायदा), सेन्सॉर, एकट्यानं विरोधी निकाल देणारे न्या. हंसराज खन्ना, सगळं व्यवस्थित आलंय. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ एप्रिल १९७६ च्या त्या चार विरुद्ध एक निकालात आपल्या नागपूर खंडपीठातलंही प्रकरण होतं, हे नागपूरच्याच पेपराला आठवू नये? असो. खटकला तो शेवट. ४४ वी घटनादुरुस्ती झाली, आता नागरिकानं निर्धास्त असावं म्हणे!

अहो, ती दुरुस्ती मुख्यतः ३५२ची, म्हणजे आणीबाणी जाहीर करण्याच्या कलमाची. माझ्या गाडीची चाबी ३५२ खाली गेली नव्हती.

२०२५ च्या मार्चमध्ये १७ तारखेच्या दंगलीच्या रात्रीनंतर अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. लागायलाच हवी होती. जळक्या गाड्यांचा वास आम्हा महालवाल्यांच्या नाकात अजून आहे. १९ तारखेला सौ.चं इन्सुलिन संपलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिकामी शिशी घेऊन निघालो. चौकातल्या शिपायानं चिठ्ठीकडे न पाहताच चाबी काढून घेतली. "काकाजी, चुपचाप घरी जा." म्हटलं, बाबू, आदेश दाखव, औषधाचं काय लिहिलंय ते तरी वाचू दे. म्हणे, "व्हॉट्सअॅपवर आहे ना!"

ही संचारबंदी कलम १६३ खालची, म्हणजे आपलं जुनं १४४. त्यातही आदेश लेखीच लागतो. असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच बजावलंय. पण भर उन्हात, वयाच्या ६९ व्या वर्षी, गाडी ढकलत नेताना हे कुणाला ऐकवायचं? इन्सुलिन शेवटी शेजारच्या पोरानं मागच्या बोळातून जाऊन आणलं.

२३ ला संचारबंदी उठली. २४ ला चाबी मागायला गेलो, तर श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे आला. आत वीसेक चाब्या. "आपली ओळखा." ओळखली, पण टेकडीच्या गणपतीचा छल्ला गायब. पावती नाही, नोंद नाही, कलम नाही. मिसात आत गेलेल्यांच्या नावाचा निदान कागद तरी निघत होता! त्यांना आता सरकार मानधन देतं, जरूर द्यावं. मला छल्ला मिळाला तरी पुरे.

आणि हो, त्या आठवड्यात तुमचा पेपर चार दिवस आमच्या गल्लीत आला नाही. बिल मात्र ३१ दिवसांचं आलं. पेपरवाला म्हणतो, ऑफिसला विचारा. म्हणून विचारतो आहे.

— एक जुना वाचक, महाल, नागपूर