अंक क्रमांक बरोबर, प्रत मात्र वेगळी: चार जुन्या कॉमिक्सच्या ऑर्डरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(कॉमिक्सचे जुने अंक)

महोदय / महोदया,

आपल्याकडून मागवलेल्या चार जुन्या अमेरिकन कॉमिक्सचे पार्सल मिळाले. त्यातले तीन अंक आपण विक्रीसाठी दिलेल्या वर्णनाशी जुळत नाहीत. चौथा जुळतो, पण तो पॅकिंगमुळे खराब होऊन आला. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी 'मालिका आणि अंक क्रमांक बरोबर आहेत, त्यामुळे चूक धरता येत नाही' असे उत्तर दिले. हे उत्तर मला मान्य नाही. कमी छपाईच्या अंकांत पैसे मोजले जातात ते विशिष्ट छपाईच्या, विशिष्ट वितरणाच्या प्रतीसाठी. मालिका आणि क्रमांक एवढेच हवे असते तर हेच अंक याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात, आणि आपण लावलेली किंमतही तशीच असायला हवी होती.

पहिला अंक मार्वलचा 'स्टार वॉर्स' क्रमांक २, सन १९७७. वर्णनात '३५ सेंट व्हेरियंट' (त्याच अंकाची वेगळ्या किमतीची पर्यायी छपाई) असे स्वच्छ लिहिले होते. त्या वर्षी मार्वलचे नेहमीचे अंक ३० सेंटला होते. दर वाढवण्याआधी चाचणी म्हणून, जून ते ऑक्टोबर १९७७ या तारखांच्या अंकांच्या थोड्या प्रती ३५ सेंट छापून मोजक्याच भागांत पाठवल्या गेल्या. या मालिकेचे पहिले चार अंक त्यात येतात. खऱ्या व्हेरियंटवर किंमत सरळ चौकोनात असते आणि मुखपृष्ठावरच्या बारकोडच्या चौकटीत उभ्या रेघा असतात. मला आलेल्या प्रतीवर किंमत आणि क्रमांक तिरक्या चौकोनात आहेत आणि बारकोड नाही. म्हणजे हे नंतरचे पुनर्मुद्रण आहे. पुनर्मुद्रणावरही ३५ सेंट हाच आकडा असतो, त्यामुळे नुसती किंमत वाचून नोंद करणाऱ्याची हमखास गल्लत होते. काही पुनर्मुद्रणांवर 'रीप्रिंट' हा शब्द मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, काहींवर तो फक्त आत असतो. म्हणून मुखपृष्ठावर तो दिसला नाही एवढ्यावरून पहिली छपाई ठरवता येत नाही. आपण दाखवलेला फोटो खऱ्या व्हेरियंटचा होता, पण तो आपल्याकडच्या प्रतीचा नव्हता.

दुसरा अंक १९७४ चा मार्वलचाच. वर्णनात दर्जा दहापैकी ८.०, म्हणजे 'व्हेरी फाइन'. बाहेरून तो तसा दिसतोही: कणा सरळ, पिना गंज न लागलेल्या, रंग टवटवीत. आत वाचकांच्या पत्रांच्या पानावरचे मार्वल व्हॅल्यू स्टॅम्प कात्रीने कापून काढलेले आहे. त्या काळात मार्वल ही स्टॅम्प अंकांत छापत असे आणि मुलांनी ती कापून जमवावीत अशीच योजना होती. त्यामुळे १९७४ नंतरच्या दोनेक वर्षांतला कुठलाही मार्वल अंक नोंदवताना हे पान उघडून बघणे ही पहिली पायरी आहे. तुकडा गेला की पानाच्या मागच्या बाजूचा मजकूरही जातो. अशी प्रत अपुरी ठरते, आणि मुखपृष्ठ कितीही देखणे असले तरी तिला ८.० देता येत नाही. सगळी पाने पिनांपासून कडेपर्यंत उलटून बघायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तेवढे न करता दर्जाचा आकडा लिहिला गेला, ही या ऑर्डरमधली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट आहे.

तिसरा अंक २०१० नंतरचा, 'न्यूजस्टँड प्रत' (वर्तमानपत्रे-मासिकांच्या स्टॉलवर विकली जाणारी प्रत) म्हणून घेतलेला. कॉमिक्सच्या दुकानांना जाणाऱ्या डायरेक्ट प्रती परत घेतल्या जात नसत, त्यामुळे दुकानदार बेताने मागवत आणि गिऱ्हाईक त्या जपून ठेवत. न्यूजस्टँडवरच्या न खपलेल्या प्रती मात्र परतीच्या हिशेबात नष्ट होत, आणि ज्या खपत त्या रॅकवर हाताळून मळलेल्या असत. मार्वलने २०१३ च्या अखेरीस ही वाटच बंद केली. शेवटच्या वर्षांतल्या चांगल्या स्थितीतल्या न्यूजस्टँड प्रती दुर्मीळ आहेत त्या यामुळे. दोन्हींतला फरक बारकोडवर दिसतो. डायरेक्ट प्रतीवर मुख्य बारकोडशेजारी पाच आकड्यांचा छोटा बारकोड असतो: पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार, पाचवा छपाई. न्यूजस्टँड प्रतीवर तिथे दोनच आकडे असतात. माझ्या प्रतीवर ००५११ आहे, म्हणजे पाचवा अंक, पहिले मुखपृष्ठ, पहिली छपाई, आणि निःसंशय डायरेक्ट. शेजारी 'डायरेक्ट एडिशन' असे शब्दांतही छापलेले आहे! आपल्या नोंदणी विभागाने हा शेवटचा आकडा वाचायची सवय लावली, तर दुसरी छपाई पहिली म्हणून विकली जाण्याचे प्रकारही टळतील.

चौथा अंक एका छोट्या प्रकाशकाचा कृष्णधवल अंक. प्रत योग्य आहे, पण 'फक्त २,५०० प्रती छापल्या' या आपल्या वाक्याला आधार कोणता, हे कळवावे. असे आकडे बहुतेक वेळा कॉमिक्सचे वितरक डायमंड यांच्या जुन्या मासिक विक्री-याद्यांवरून काढलेले अंदाज असतात. ते उत्तर अमेरिकेतल्या दुकानांना गेलेल्या प्रतींचे असतात, एकूण छपाईचे नाहीत. इतर देशांतली विक्री आणि प्रकाशकाने स्वतःकडे ठेवलेल्या प्रती त्यात धरलेल्या नसतात. आकडा तसा असेल तर 'दुकानांच्या मागणीचा अंदाज' असे लिहावे. खरी छपाई माहीत असलेले अंक आहेतच. १९७७ च्या 'सेरेबस' क्रमांक १ च्या सुमारे २,००० प्रती छापल्या गेल्या, आणि त्याची नकली प्रतही बाजारात आहे. तिथे मुखपृष्ठाची आतली बाजू बघावी लागते: अस्सल प्रतीत ती निस्तेज असते, नकलेत चकचकीत. अशा अंकांसाठी आपल्या यादीत आतल्या बाजूचा फोटो नसणे धोक्याचे आहे.

आता पॅकिंग. चौथ्या अंकाचे मुखपृष्ठ जवळजवळ पूर्ण काळे आहे. तो एकाच पातळ पुठ्ठ्यासह कागदी पाकिटात सुटा टाकला होता. पिशवी पुठ्ठ्याला चिकटवलेली नव्हती, त्यामुळे अंक सरकत राहिला आणि खालचा उजवा कोपरा दबला. कोपऱ्यापासून आत गेलेल्या मोडीवर शाई तुटून पांढरा कागद दिसतो. आपल्या प्रतिनिधींनी 'प्रेसिंग करून घ्या' असे सुचवले. ऊब, ओलावा आणि दाब देऊन नुसता वाक सरळ होतो, तुटलेली शाई परत येत नाही. हा दोष कायमचा आहे. त्यातच पिशवीचे झाकण उघड्या चिकटपट्टीने बंद केले होते. अंक बाहेर काढताना अशी पट्टी मुखपृष्ठाला चिकटली की वरचा थर सोलून येतो, या वेळी तो थोडक्यात वाचला.

१९७४ चा अंक तर ६ ७/८ इंच रुंदीच्या पिशवीत कोंबला होता. ती आजच्या अंकांची पिशवी आहे. त्या काळातल्या रुंद अंकांना ७ १/८ इंचांची लागते, नाहीतर कडा वळतात. पाठवताना अंक आम्लमुक्त बोर्डसह योग्य मापाच्या पिशवीत घालावा आणि पट्टीचे टोक दुमडून ठेवावे, म्हणजे ती ओढून काढता येते. अंकापेक्षा प्रत्येक बाजूने किमान एक इंच मोठे, पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यावेत. एकाची पन्हळ उभी, दुसऱ्याची आडवी ठेवावी, म्हणजे पार्सल कुठल्याच दिशेने सहज वाकत नाही. पिशवी एका पुठ्ठ्याला चारही बाजूंनी सौम्य पट्टीने बांधावी, दुसरा वर ठेवून कडा बंद कराव्यात. हे सगळे मग कडक पाकिटात किंवा खोक्यात जावे.

माझी मागणी अशी: पहिल्या तीन अंकांचे पूर्ण पैसे परत मिळावेत, परतीचा टपालखर्च आपण सोसावा. वर्णनाशी जुळणारी प्रत आपल्याकडे खरोखर असेल, तर आधी तिच्या बारकोडचा, इंडिशियाचा (आतल्या पानाच्या तळाशी असलेल्या प्रकाशन मजकुराचा) आणि पत्रांच्या पानाचा फोटो पाठवावा. तो बघूनच मी बदली स्वीकारेन. चौथ्या अंकाच्या किमतीत आताच्या दर्जाप्रमाणे घट करून फरक परत द्यावा. या चारही नोंदी दुरुस्त होईपर्यंत विक्रीतून काढाव्यात, म्हणजे दुसऱ्या संग्राहकाची हीच फसगत होणार नाही.

पार्सल उघडतानाचे आणि चारही अंकांचे जवळून घेतलेले फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तीन अंक वर सांगितलेल्या पद्धतीने दोन पुठ्ठ्यांत बांधून तयार ठेवले आहेत. परतीचा पत्ता आणि टपालखर्चाची सोय कळवल्यास त्याच दिवशी रवाना करतो.

आपला,
ग्राहक