बंड्याची आरआरची पोस्टिंग

गुहागर

प्रिय अप्पा,

बंड्याची पोस्टिंग आली. राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे आरआर, ती अतिरेक्यांशी लढणारी फौज, काश्मीर. तोपखान्यातला पोरगा, नाशिकरोडला घडलेला, आता मराठ्यांच्या आरआर बटालियनमध्ये जाणार. आई म्हणते, आपल्याच माणसांत चाललाय, पेढे आणा. माझी झोप का उडाली ते तुलाच कळेल.

आरआर १९९० मध्ये उभी राहिली, तेव्हापासून तिथे कुणी कायमचा नसतो. साधारण निम्मे जवान एका पायदळ रेजिमेंटचे, बाकीचे तोपखाना, रणगाडे, इंजिनिअर, सिग्नल, रसद पुरवणारी एएससी असे सगळीकडून आलेले. मुदत संपली की ज्याने त्याने आपल्या पलटणीत परतायचं. म्हणजे माणसं एकमेकांची होईपर्यंत त्यातली निम्मी निघालेली. मला गोळीची धास्ती नाही रे. रात्री नाक्यावर शेजारी जो पडलेला असेल, त्याला अंधारात बंड्याचा आवाज ओळखू येईल का, एवढंच सारखं मनात येतं.

आणि मग आठवतं श्रीलंकेतलं जाफना, आपली शांतिसेना तिथे तामिळ वाघांशी (एलटीटीई) लढत होती तेव्हाचं. ११ ऑक्टोबर १९८७ ची रात्र, विद्यापीठाचं मैदान. दहा पॅराचे कमांडो आणि तेरा शीख लाइटची प्लाटून, दोन वेगळ्या पलटणी एका रात्रीच्या कामापुरत्या जोडलेल्या. शिखांचे ३० उतरले आणि माऱ्यामुळे पुढची हेलिकॉप्टरं उतरवताच आली नाहीत. रेडिओवाला पडला, संपर्क तुटला. त्या ३० तले २९ मारले गेले. आपण दोघे सिग्नलवाले, तो तुटलेला संपर्क आपल्याला जास्त लागला.

तुझं म्हणणं पाठ आहे माझं: दोष जोडणीचा नाही, वाघांनी आपला रेडिओ आधीच ऐकला होता. चिपळूणच्या स्टँडवर यावरून भांडलो होतो, तुझी गाडी सुटली तरी तू हात नाचवत बोलतच होतास, कंडक्टर हसत होता. मी अजूनही मानत नाही. दोघांनी आधी एकत्र घाम गाळला असता तर एकमेकांना शोधायची रीत तरी ठरली असती.

बंड्या मला समजावतो. बॅटल स्कूलमध्ये आधी ट्रेनिंग होतं, मग बडी, म्हणजे कायम सोबतचा जोडीदार, जोडून देतात. संतोष महाडिक साहेबांचं नाव घेतो. ते मूळचे २१ पॅराचे, म्हणजे बाहेरूनच आलेले, ४१ आरआरचे कर्नल, २०१५ ला कुपवाड्यात सगळ्यांच्या पुढे राहून लढताना गेले. पाहुणा असा लढत नाही, बाबा, म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

तुझा भाचा आरआर करून आलाय. त्याला विचार, तोपचीला बडी कोण देतात? मराठ्यांतलाच, की दुसरा बाहेरचा? आणि बडी रजेवर गेला की पोरगा कुणाच्या भरवशावर? गोल उत्तर नको, नीट विचार.

माझा गुडघा तसाच. जयूचं ठरलं हे ऐकलं, फार बरं झालं, वहिनींना सांग मी चार दिवस आधी येतो. तुमच्याकडचं भात कापून झालं का? इथे परतीच्या पावसाने आडवं केलंय.

बंड्या दिवाळी करून निघतो. त्याआधी लिही.

तुझा,
नाना