जप्तीच्या वॉरंटला मराठी यादी जोडा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या आठ दिवस आधी आमच्या भावकीतल्या एका शेतकऱ्याच्या दारातून बैलजोडी, तिफण आणि पेरणीसाठी राखलेलं घरचं सोयाबीन जप्त झालं. खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी थकली होती. दुकानदाराने दावा जिंकला, निकालाची रक्कम वसूल करायला कोर्टात दरखास्त लावली, जप्ती करणारा कोर्टाचा बेलीफ आला. देणं खरं होतं आणि ते फेडलंच पाहिजे.

पण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची औतं, तसंच कोर्टाच्या मते पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं जप्तीतून वगळलेलं आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकरी किंवा मजूर राहतो ते घर, हेही त्यातच. (कर्जापोटी तारण दिलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी.) पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या एकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट दुकानदाराने उधारी देतानाच लिहून घेतलेला कागद पुढे केला: सर्व मालमत्ता जप्त करायला माझी हरकत नाही. तो पाहून घरची माणसं गप्पच झाली. वास्तविक असा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल असतो. १९७६ च्या दुरुस्तीने तसं पोटकलमच कलम ६० मध्ये घातलं आहे.

पुढे वकील गाठून कोर्टात हरकत घेतली आणि बैल सुटले. पण ते दावणीला आले तेव्हा पोळा तोंडावर आला होता. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने, पुन्हा उधारीवरच झाली. आधीच्या कर्जात भर पडली ती या दोन-अडीच महिन्यांनी. लिलाव होऊन गेला असता तर याच संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खालची जप्तीविरुद्धची हरकत कोर्टाने ऐकलीही नसती.

म्हणून उच्च न्यायालयाला माझी विनंती आहे: जप्तीच्या प्रत्येक वॉरंटला वगळलेल्या वस्तूंची मराठी यादी जोडावी आणि बेलीफाने ती पंचांसमोर मोठ्याने वाचावी. सूर्यास्तानंतर जप्तीसाठी घरात शिरता येत नाही, हेही त्यात असावं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. बेलीफ दारात असतानाच 'ही वस्तू जप्त होत नाही' अशी हरकत पंचनाम्यात लिहायला लावावी आणि दुसऱ्याच दिवशी तालुका विधी सेवा समिती गाठावी. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
गंगाखेड, जि. परभणी