बाटली उकळण्याआधी घासा

मा. संपादक,

पावसाळ्यात तान्ह्या बाळांना जुलाब झाले की सगळे पाण्याला दोष देतात. बाळ बाटलीने दूध पीत असेल तर बाटलीचे आटेही एकदा उजेडात धरून पाहावेत. तिथे पिवळट चिकट थर असतो, आणि तो नुसत्या उकळण्याने निघत नाही. उलट दूध शिजून आणखी घट्ट चिकटतं आणि त्याखाली जंतू सुखाने राहतात.

म्हणून पाजून झालं की लगेच झाकण, रिंग, बूच (निपल) सगळं सुटं करावं. गार पाण्याने विसळून मग साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासावं. बूच उलटं करून घासावं आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून काढावं. हा ब्रश भांड्यांच्या घासणीबरोबर ठेवू नये. मग मोठ्या पातेल्यात सगळं पूर्ण बुडवावं. बाटली तरंगत असेल तर आत हवा अडकलेली आहे, ती काढावी. खळखळून उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं मोजावीत. नंतर ओढणीने किंवा नॅपकिनने पुसणं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. धुतलेल्या हाताने पाणी झटकावं, बस्स.

दुधाची पावडर निर्जंतुक नसते, हे तर बहुतेक घरांत माहीतच नसतं. डबा सीलबंद असला तरी त्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यांचा धोका सर्वांत जास्त. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस पाण्यात कालवावी. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरावं. कमी पाणी त्याहून लवकर निवतं. सकाळी थर्मासमध्ये भरलेलं कोमट पाणी दिवसभर वापरणं म्हणजे जंतूंना ऊब देणं. फिल्टरचं पाणीही उकळायलाच हवं.

आधी पाणी, मग पावडर. डब्यावर ३० मिलीला एक चमचा लिहिलं असेल तर ९० मिली पाण्यात तीन सपाट चमचे. आधी पावडर टाकून ९०च्या रेषेपर्यंत पाणी ओतलं, तर पाणी जेमतेम ऐंशी मिली भरतं आणि दूध दाट होतं. त्याने बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, शी घट्ट होते. डबा पुरवण्यासाठी पातळ केलं तर वजन वाढत नाही. दूध कालवल्यावर बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून निववावी, मनगटावर थेंब टाकून पाहावा आणि मगच पाजावं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यावं. जीव तुटतो, पण द्यावं.

बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. पण नाइलाजाने वरचं दूध द्यावं लागणाऱ्या आईला प्रसूतिगृहातून घरी सोडताना हे एकदा हातात भांडी घेऊन दाखवायला काय हरकत आहे? त्याच वेळी वाटी-चमचाही दाखवावा. त्याला ना आटे, ना भोक. आजीच्या काळातलं बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं चोचीचं भांडं, मात्र जपून वापरावं, त्याची चोच आतून घासता येत नाही.

आणि दूध हळू येतं म्हणून तापल्या सुईने बुचाचं भोक मोठं करू नये. बाळाला ठसका लागतो, आणि फाटलेल्या कडेत दूध साचतं ते वेगळंच.

– बालरुग्ण विभागातील काही परिचारिका