‘एका दिवसात बारा पॉइंट’ या सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : महाबळेश्वर दर्शन सहलीतील त्रुटी व अंशतः रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघे तुमच्या ‘सूर्योदय ते सूर्यास्त, एका दिवसात बारा पॉइंट’ या सहलीला आलो होतो. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

सूर्योदयापासूनच सांगते. महाबळेश्वरात जानेवारीत सूर्य साधारण सातच्या सुमारास उगवतो. तुमची गाडी सहाला लॉजखाली येणार होती, ती आली सातला दहा मिनिटं कमी असताना. आम्ही विल्सन पॉइंटला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि बाकीची माणसं चहा संपवून परत निघाली होती. महाबळेश्वरातली सगळ्यांत उंच जागा ती, १४३९ मीटर. तिथे सूर्योदय चुकला तर दुसरीकडे कुठे भरून काढणार? ड्रायव्हर म्हणाले, “मॅडम, सूर्य तर दिसतोय ना!” यावर मी काय बोलणार?

आता बारा पॉइंटांचा हिशेब. ऑर्थर सीटला गाडी एकदाच थांबते. तिथून पुढे पायवाटेने चालत जाताना माल्कम पॉइंट, टायगर स्प्रिंग, हंटर पॉइंट आणि विंडो पॉइंट लागतात. तुमच्या यादीत हे पाच झाले. केट्स पॉइंटलाही तेच : इको पॉइंट, नीडल होल आणि केट्स, एकाच पार्किंगमधून उतरून तीन. म्हणजे दोन थांब्यांत आठ पॉइंट! उरलेल्या चारांत क्षेत्र महाबळेश्वरचं देऊळ आणि वेण्णा लेकही घातले आहेत. कठड्यागणिक पॉइंट मोजायचे ठरवले तर बाराच कशाला, पंचवीसही होतील.

ही युक्ती सगळेच करतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे नुसत्या आकड्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. माझी खरी तक्रार वेळेची आहे. ऑर्थर सीटच्या पाच ‘पॉइंटां’साठी आम्हाला वीस मिनिटं मिळाली. पायऱ्या आणि ओबडधोबड वाट, त्यात बरोबर सासूबाई, गुडघ्यांनी बेजार. ‘चालणे नगण्य, ज्येष्ठांसाठी योग्य’ असं तुमच्या माहितीपत्रकात छापलं आहे. सासूबाई टायगर स्प्रिंगपर्यंत पोहोचून बसल्याच होत्या, तोवर खालून हॉर्न सुरू. मी आणि मुलगा तेवढे पळत टोकापर्यंत गेलो. सावित्रीचं खोरं, समोरचे काळ्या कातळाचे थरावर थर, खाली कोकण. मुलाने पाण्याच्या बाटलीचं झाकण दरीकडे सोडलं, तर ते वाऱ्याने उचलून आमच्याच पायांशी आणून टाकलं. (झाकण आम्ही खिशात घालून परत आणलं, काळजी नसावी.) तो पुन्हा पुन्हा सोडून बघत होता आणि मला त्याला दंडाला धरून ओढत आणावं लागलं.

आणि एवढी घाई कशासाठी? चिक्कीच्या दुकानासाठी. तिथे चाळीस मिनिटं. मग चपलांचं दुकान, मग स्ट्रॉबेरी क्रीम, मग ‘फक्त बघा, घेऊ नका’ म्हणत मधाचं दुकान. यातलं एकही कार्यक्रमपत्रिकेत नाही. मधाच्या दुकानदाराने ड्रायव्हरच्या वहीत सही करून दिली, ती मी स्वतः पाहिली. ड्रायव्हरवर माझा राग नाही, त्यांचा पगार किती आणि वहीतल्या सह्यांवर कमिशन किती हे तुम्हालाच माहीत. पण ती वही कंपनीच्या नावाची होती.

याचा शेवट सूर्यास्त बघायच्या मुंबई पॉइंटला झाला. वेण्णा लेकपाशी शनिवारी संध्याकाळी गाड्या अडकतात हे महाबळेश्वरला कुणीही सांगेल. मधाच्या दुकानातून निघायलाच उशीर झाला, त्यात ही कोंडी. आम्ही पोहोचलो तेव्हा आकाशात लाली होती, सूर्य नव्हता. सहलीच्या नावातली दोन्ही टोकं गेली.

ऑर्थर सीट सकाळीच करायला हवं होतं, ऊन पाठीमागून असतं आणि दरी स्वच्छ दिसते. क्षेत्र महाबळेश्वर त्याच रस्त्यावर आहे. दुपारी पाचगणीच्या बाजूचं केट्स, तिथून वेळेत मुंबई पॉइंट. हा क्रम लॉजच्या मॅनेजरने आम्हाला न विचारता सांगितला. तुम्हाला माहीत नसेल असं वाटत नाही. तो क्रम धरला तर दुकानं बसत नाहीत, एवढंच.

माझ्या मागण्या अशा : चौघांच्या रकमेपैकी निम्मी परत करावी, माहितीपत्रकातून ‘ज्येष्ठांसाठी योग्य’ हा मजकूर काढावा, आणि दुकानांचे थांबे ठेवायचेच असतील तर ते वेळेसह आधी छापावेत. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर देऊ केलेलं पुढच्या सहलीचं कूपन मला नको आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. माहितीपत्रक मी जपून ठेवलं आहे, आणि दिवसभरातल्या फोटोंवर वेळही आहे.

आपली,
पावतीवरील ग्राहक
पुणे

सोबत : पावती, माहितीपत्रकाची प्रत, फोटो